मांजर गेली म्हणून बौद्ध माणसाने रडावे का?

गेल्या पावसाळ्यात आमची मनी गेली. डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडच्या बाजूला, एका जुन्या चार मजली इमारतीत आम्ही राहतो. आजी, आम्ही दोघे नवरा-बायको आणि दोन मुले. मनी घरातली सहावी. चार वर्षांपूर्वी जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीजवळ ती भिजून ओरडत होती. धाकटीने तिला फ्रॉकमध्ये गुंडाळून वर आणले आणि ती राहिली.

मांजर मेल्याची बातमी होत नाही हे आम्हाला माहीत आहे. तरी हा लेख लिहावासा वाटला, कारण ती गेल्यानंतरच्या आठ दिवसांत आम्हाला जी वाक्ये ऐकायला मिळाली, ती तुम्हीही कधी ना कधी ऐकणार आहात. "मांजरच तर होती, दुसरी आणा." "आपली माणसं रोज मरतात, त्यांच्यासाठी इतके रडलात का?" "सर्व अनित्य आहे, बौद्धाने रडू नये." "मांजर हातून मेली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते." आणि शेवटी आमच्या धाकटीचा प्रश्न, "मनी कुठे गेली?"

या प्रत्येक वाक्याला धम्मात आणि बाबासाहेबांच्या विचारात काय उत्तर आहे, ते आम्ही शोधत गेलो. जे सापडले ते इथे मांडत आहोत.

मनी कशी गेली

हे आधी सांगितले पाहिजे, कारण यातून दुसऱ्या एखाद्या घरातले मांजर वाचू शकते.

रविवारी तिने खाणे सोडले. अंग गरम लागत होते. रात्री दवाखाना बंद. आम्ही घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी घेतली, अर्धी मोडली, दुधात कालवली आणि तिला पाजली. लहान बाळाला देतात, मग मांजराला का नाही, असा आमचा हिशेब होता. सकाळी तिच्या हिरड्या तपकिरी-निळसर दिसू लागल्या. तोंड आणि पंजे सुजले. श्वास वर-वर चालला होता. डॉक्टरांनी तिला टेबलावर ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, "घरचं काही औषध दिलंत का?"

पॅरासिटामॉल माणसाच्या यकृतात एका ठरावीक रासायनिक क्रियेने निकामी होते आणि बाहेर टाकले जाते. मांजराच्या यकृतात ती क्रिया जवळजवळ चालतच नाही. मग औषधाचे विष होते. रक्तातल्या तांबड्या पेशींना प्राणवायू वाहून नेता येत नाही, म्हणून हिरड्यांचा रंग बदलतो. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत द्यावा लागतो. चार किलोच्या मांजराला अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते. मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले की आता फार आशा नाही, त्रास वाढला तर इंजेक्शन देऊन तिला शांत झोपवता येईल, विचार करा. आम्ही विचार करत असतानाच ती गेली.

"मांजरच तर होती"

हे वाक्य शेजाऱ्यांनी म्हटले तर समजून घेता येते. पण चळवळीतल्या मित्रांनी म्हटले तेव्हा ते जास्त लागले, कारण त्यामागे आपला इतिहास आहे. ज्या गावात आपल्या पूर्वजांना उंबऱ्याच्या आत पाय ठेवता येत नव्हता, त्याच गावात सवर्णांच्या चुलीपर्यंत मांजर जात होते. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि माणसांना मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या पाण्याची ओंजळ घेतली, ती या अन्यायाविरुद्ध. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात गांधीजींची आणि त्यांची पहिली भेट झाली. तेव्हाही बाबासाहेबांनी हाच सवाल टाकला होता. ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही वाईट वागवले जाते, तो देश आमची मायभूमी आहे असे आम्ही कसे म्हणावे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

म्हणून आपल्या समाजात कुणी कुत्र्या-मांजराचे लाड करू लागले की काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी येते. ती आठी खोटी नाही. प्राण्यांच्या पंगतीत बसवले गेलेल्या समाजाला प्राण्यांविषयी बोलताना जपून बोलावे लागते.

पण आता दुसरे चित्र पाहा. फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला एक फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव. आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा, टॉबी. आपण त्या फोटोला वंदन करतो, पण टॉबीकडे आपले लक्ष जात नाही. मणिभवनातल्या भेटीला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. आपल्या लोकांना कुत्र्या-मांजरांपेक्षा खाली ठेवले म्हणून ज्यांनी देशाला जाब विचारला, त्यांच्याच कुटुंबाच्या फोटोत कुत्र्याला जागा आहे.

यात विसंगती नाही. बाबासाहेबांचा राग माणसाला खाली ढकलणाऱ्या माणसांवर होता. जनावराने कुणाचा पाणवठा बंद केला नव्हता. प्राण्याला हलके लेखले म्हणून माणसाची प्रतिष्ठा वाढत नाही, आणि प्राण्यावर माया केली म्हणून ती कमीही होत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांतला फरक स्पष्ट केला आहे. करुणा म्हणजे माणसांविषयीचे प्रेम. तथागत तिथे थांबले नाहीत. त्यांनी मैत्री शिकवली, आणि मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत पोहोचते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची आहे. आपण पहिल्या आठ प्रतिज्ञा मोठ्या आवाजात म्हणतो. तेरावीही तितक्याच आवाजात म्हणायला हवी.

"आपली माणसं मरतात तेव्हा रडलात का?" या प्रश्नाला उत्तर एवढेच. हो, रडलो. मोर्चातही गेलो. दुःख ही काही शिधापत्रिकेवरची साखर नाही, की मांजरासाठी खर्च केली तर माणसांसाठी उरणार नाही. उलट जे घर चार पायांच्या जिवाचा श्वास मोजत दोन रात्री जागते, त्या घरातली मुले उद्या माणसाच्या वेदनेपुढे कोरडी राहणार नाहीत, असे आम्हाला वाटते.

मातीला कुणाचे हात लागावेत

बुधवारी सकाळी सोसायटीतल्या एकाने सुचवले, "पिशवीत घालून ठेवा, कचऱ्याची गाडी येईल, तो घेऊन जाईल." 'तो' म्हणजे कंत्राटावरचा सफाई कामगार. तो आपल्याच वस्तीतला आहे. त्याच्या मुलीची आणि आमच्या थोरल्याची शाळा एक.

इथे आम्ही अडखळलो. मेलेले जनावर ओढून नेणे हे काम शतकानुशतके आपल्या समाजावर लादले गेले. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत गुरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. गावोगावच्या लोकांनी बहिष्कार सोसून ते काम सोडले. त्यांनी नुसते काम नाकारले नव्हते, ते काम आपल्या जन्माला चिकटवणारी व्यवस्था नाकारली होती. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधल्या उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली जनावरे उचलायला नकार दिला, तोही याच परंपरेतला.

मग आमचे मांजर आमच्याच एका बांधवाने कचऱ्यासोबत उचलावे, हे आम्हाला पटेना. दुसरीकडे एक काका रागावले. "आपल्या बापजाद्यांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं, आणि तू शिकून-सवरून हातात मेलेलं मांजर घेऊन निघालास?" काकांचा राग आम्हाला कळला. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "काका, ते दुसऱ्याचं जनावर होतं आणि हुकूम दुसऱ्याचा होता. ही आमची मनी आहे."

काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच फावडे आणून दिले.

टिटवाळ्याच्या बाजूला आमच्या मामांची थोडी जागा आहे. त्यांच्या टेम्पोतून तिला तिथे नेले. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळले. खड्डा आम्हीच खणला. मुलांनी त्रिसरण-पंचशील म्हटले, मग दोन मिनिटे शांत उभे राहिलो. नारळ नाही, हळद-कुंकू नाही.

"बौद्धाने रडू नये"

विहारात एका कार्यकर्त्या मित्राने हे सांगितले. अनित्यता हा धम्माचा पाया आहे, हे खरेच. पण अनित्यता सांगून कुणाचे तोंड बंद करणे, हे तथागतांनी केलेले आम्हाला कुठे दिसले नाही.

जातक अट्ठकथेत दोन गोष्टी आहेत, मिगपोतक जातक आणि सोमदत्त जातक. पहिलीत हिमालयातला एक तापस हरणाचे पोरके पाडस वाढवतो, दुसरीत हत्तीचे पिल्लू. दोन्ही पिल्ले जास्त खाल्ल्याने, अपचनाने मरतात. तापस ओक्साबोक्शी रडतो. तेव्हा शक्र, म्हणजे त्या जन्मीचे बोधिसत्त्व, येऊन विचारतात, घरदार सोडलेल्या श्रमणाला हा शोक शोभतो का? तापस उत्तर देतो की सहवासाने मनात प्रेम उपजते, मग तो माणूस असो की प्राणी, आणि प्रेम उपजले की शोक न करणे शक्य होत नाही. शक्र त्याला खोटे पाडत नाहीत, वेडाही ठरवत नाहीत. रडण्याने मेलेला परतला असता तर आपण सगळेच एकत्र बसून आपापल्या माणसांसाठी रडलो असतो, असे ते समजावतात. तापसाचे मन हळूहळू निवते. काळजात रुतलेला बाण कुणी उपसून काढावा तसे वाटले, असे तो म्हणतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. पाळलेल्या प्राण्याच्या मृत्यूचे दुःख हे आजच्या फ्लॅटमधल्या माणसांचे खूळ नाही. पाली वाङ्मयाने त्याची शेकडो वर्षांपूर्वी दखल घेतली आहे. आणि न शोभण्याचा प्रश्न संन्याशाला विचारला आहे. आपण गृहस्थ आहोत, आपल्याला थोडी जास्त सूट आहे.

किसा गोतमीची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मेलेले बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. तथागत तिला रडू नकोस म्हणत नाहीत. ज्या घरात कुणी मेले नाही, तिथून मोहरी आण, असे सांगतात. ती दारोदार जाते आणि प्रत्येक दारी कुणाच्या ना कुणाच्या मृत्यूची हकिगत ऐकते. आपण ही गोष्ट अनित्यतेचा धडा म्हणून सांगतो. आम्हाला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तथागतांनी तिला लोकांमध्ये पाठवले. एकटी कोपऱ्यात बसून ती सावरली नसती.

आमच्याही इमारतीत असेच झाले. मनी गेल्याचे कळले तसे लोक बोलू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा पोपट, तळमजल्यावरच्या दादांचा कुत्रा. आणि सगळ्यात शेवटी आमची आजी. ती मूळची जालन्याकडची. १९७२ च्या दुष्काळात चारा-पाणी संपले तेव्हा तिच्या वडिलांनी घरची शेळी खाटकाला विकली. शेळी जाताना मागे वळून ओरडत होती. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची. दोन दिवस जेवली नाही, म्हणून मारही खाल्ला. पन्नास वर्षांत हे तिने कुणाला सांगितले नव्हते. त्या रात्री नातीला मांडीवर घेऊन सांगितले.

संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण लागतो, तो शरीराच्या वेदनेचा. तो कुणालाही चुकत नाही, ज्ञानी माणसालाही नाही. दुसरा बाण आपण स्वतःला मारून घेतो, तो त्या वेदनेवरच्या आकांताचा. मनीचा मृत्यू हा आमचा पहिला बाण, असे आम्ही या दृष्टान्तावरून समजलो. "आम्ही किती नालायक", "असे रडतो म्हणजे आम्ही कच्चे बौद्ध" हा दुसरा. धम्म दुसरा बाण टाळायला शिकवतो. पहिला लागलाच नाही असे ढोंग करायला शिकवत नाही.

बाबासाहेबांनीही ते ढोंग केले नाही. यशवंतराव सोडले तर त्यांची चारही मुले लहानपणीच गेली. १९२६ मध्ये राजरत्न गेला, त्यानंतर स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वच्छ कबूल केले आहे की आम्ही दोघे या धक्क्यातून सावरलो असे दाखवण्यात अर्थ नाही. मांजराच्या दुःखाची त्या दुःखाशी तुलना होऊच शकत नाही. आम्हाला त्यातून घ्यायचा आहे तो फक्त प्रामाणिकपणा. पुढच्याच वर्षी महाड घडले. रडणारा माणूस दुबळा असतो, हे निदान आपल्या चळवळीने तरी मानू नये.

सोन्याची मांजर

मांजर हातून मेले तर काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते, ही समजूत महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. दान घेणारा कोण, हे वेगळे सांगायला नको. अपराधी वाटणाऱ्या माणसाच्या खिशात हात घालण्याची ही जुनी रीत. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला यातून मोकळे केले आहे. श्राद्ध, पिंडदान, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म, यातले काहीही नको.

पण सोन्याची मांजर नाकारली तरी अपराध उरतोच. गोळी आम्हीच दिली होती. त्याचे काय?

इथे धम्मपद अट्ठकथेतली पहिलीच गोष्ट आम्हाला उपयोगी पडली. चक्खुपाल थेर आंधळे होते. पाऊस पडून गेल्यावर चंक्रमण करताना त्यांच्या पायाखाली पुष्कळ किडे मेले. काही भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली. तथागतांनी विचारले, तुम्ही त्यांना किडे मारताना पाहिलेत का? नाही म्हणाले. मग जसे तुम्ही त्यांना पाहिले नाही, तसे त्यांनी किड्यांना पाहिले नाही, मारण्याचा हेतू तिथे नव्हता. चेतना, म्हणजे हेतू, यालाच तथागत कम्म म्हणतात. पहिले शील मोडायला समोर जीव असणे, तो जीव आहे हे माहीत असणे, मारण्याचा विचार, त्यासाठी केलेली कृती आणि त्यातून आलेला मृत्यू, अशी पाच अंगे लागतात. आमच्या हातात अर्धी गोळी होती, पण मारण्याचा विचार नव्हता. तिने बरे व्हावे हाच विचार होता.

याचा अर्थ जबाबदारी संपली असा नाही. अज्ञानाने जीव गेला, तर प्रायश्चित्त ज्ञानानेच करायचे. आम्ही शिकलो, आणि आता इतरांना सांगतो आहोत. ते आमचे काशीचे दान.

डॉक्टरांनी सुचवलेल्या इंजेक्शनबद्दलही पुष्कळ बौद्ध घरांत संभ्रम असतो. पंचशील मोडेल का? बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, यांत्रिक नियम नाही, असे मांडले आहे. बरे होण्याची आशा संपली आहे आणि प्राणी तडफडतो आहे, तेव्हा त्याची वेदना थांबवण्याच्या हेतूने घेतलेला निर्णय आणि कंटाळा आला म्हणून घेतलेला निर्णय, हे एकसारखे नव्हेत. काही भंतेजी याला सहमत नसतील, आणि त्यांच्या मताचा आदर आहे. निर्णय घेणाऱ्या घराने मात्र स्वतःचा हेतू तपासावा. तो स्वच्छ असेल तर मागाहून स्वतःला जाळू नये.

"मनी कुठे गेली?"

धाकटीला आम्ही "देवाघरी गेली" असे सांगू शकत नव्हतो. "झोपली आहे" असेही सांगितले नाही, मुले मग झोपायलाच घाबरतात. "पळून गेली" म्हणालो असतो तर ती रोज जिन्यात जाऊन हाका मारत बसली असती.

बाबासाहेबांनी पुनर्जन्माच्या प्रश्नाचा उलगडा करताना आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आहे. शरीर पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार घटकांचे बनते. शरीर मेले तरी हे घटक नष्ट होत नाहीत, सृष्टीतल्या त्याच घटकांच्या साठ्यात जाऊन मिसळतात. आम्ही हेच तिच्या भाषेत सांगितले. मनीचं अंग मातीत जाईल, मातीतून गवत येईल, तिच्यातलं पाणी ढगात जाईल. ती परत मनी होऊन येणार नाही. पण ती संपूनही जाणार नाही.

तिने विचारले, "म्हणजे पावसात थोडी मनी असेल?" आम्ही हो म्हणालो. विज्ञानाच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे नाही.

आपण काय करू शकतो

एक. माणसांचे औषध मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, कोणतेही नाही. कुत्र्याच्या गोचिडांसाठीची काही औषधेही मांजराला विषारी असतात. लिलीची फुले घरात ठेवू नका. मांजराने दिवसभर काही खाल्ले नाही, किंवा बोका लघवीला बसतो आणि होत नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक आजच लिहून ठेवा. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि मध्य रेल्वेने डोंबिवलीहून गाठता येते.

दोन. मृत प्राणी खाडीत, नाल्यात किंवा कचराकुंडीत टाकू नका. पुरायचे तर जागा मालकाला विचारून, विहिरीपासून लांब, निदान तीन फूट खोल खड्ड्यात, सुती कापडात गुंडाळून पुरा. प्लास्टिक नको. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. आपल्या कल्याण-डोंबिवलीतही प्रत्येक घराला परवडेल अशी सोय असावी, ही मागणी तरुणांनी नगरसेवकांपुढे ठेवायला हरकत नाही. सफाई कामगाराच्या प्रतिष्ठेचाही तो प्रश्न आहे.

तीन. लगेच दुसरे पिल्लू आणू नका. मांजर पार्व्होसारख्या साथीच्या आजाराने, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाने, गेले असेल तर त्याचे विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतात. नव्या पिल्लाला लस दिल्याशिवाय त्या घरात आणू नये. आजार दुसरा असला तरी मनाला वेळ द्यावा. मेलेल्याची जागा भरून काढण्यासाठी आणलेल्या पिल्लावर तो अन्याय असतो.

चार. विधी हवा असेल तर साधा ठेवा. त्रिसरण, पंचशील, मैत्री भावना. जलदान विधीची पत्रिका काढायची गरज नाही. पुण्यानुमोदन करायचे तर कृतीने करा. आम्ही मनीच्या नावाने आमच्या गल्लीतल्या दोन भटक्या मांजरींची नसबंदी आणि लसीकरण करून घेतले. पावती मुलांनी वहीत चिकटवून ठेवली आहे.

पाच. तुमच्या शाखेतला, विहारातला एखादा तरुण पाळलेला प्राणी गेल्यावर आठवडाभर दिसला नाही, तर त्याची टिंगल करू नका. घरी जा. चहा घ्या. प्राण्याचे नाव विचारा. आम्ही विहारात गेलो तेव्हा भंतेजींनी उपदेशाआधी विचारले, "किती वर्षांची होती?" त्या एका प्रश्नाने आम्हाला जितके बरे वाटले, तितके आठवडाभरात कशानेच वाटले नव्हते.

जवळच असलेला वारसा

सम्राट अशोकांनी दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे नोंदवले आहे. त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमध्ये असलेल्या सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली, हा. डोंबिवलीच्या खाडीच्या पाण्याला पुढे जाऊन वसई-सोपाऱ्याचीही वाट आहे. त्या वाटेवर बावीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहून ठेवले होते की प्राण्यांकडे बघण्याची राजाची नजर बदलली आहे.

भारतीय संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली. त्यातही कलम ५१ (क) मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य नागरिकांवर टाकले आहे. आपल्यासाठी ते नवे नव्हते. आपण ते वीस वर्षे आधी दीक्षाभूमीवर स्वीकारले होते.

आता श्रावण संपत आला आहे. टिटवाळ्याच्या त्या जागेवर गुडघाभर गवत वाढले आहे. मागच्या रविवारी मुलांना घेऊन गेलो होतो. धाकटी थोडा वेळ गवताकडे बघत राहिली. मग तिने विचारले, जिन्याखालच्या मांजरीला पिल्ले झाली आहेत, त्यांना पावसाचे काय करायचे. आम्ही परत येऊन मोटारीजवळ एक खोके ठेवले, आत जुनी चादर घातली. काका खाली उतरले आणि खोक्यावर पत्रा टाकून गेले.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.